जोकोविचची सर्व्हिस का बदलत गेली?

प्रश्न : टेनिसपटू नोव्हाक जोकोविचचे जुने आणि अलीकडचे सामने पाहताना त्याची सर्व्हिस निराळी वाटते. असा बदल खेळाडू मुद्दाम करतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र यातला प्रत्येक बदल हौसेने झालेला नाही. 2009 मध्ये टॉड मार्टिन यांना प्रशिक्षक म्हणून घेतल्यानंतर त्याच्या सर्व्हिसची लय बिघडली, डबल फॉल्ट (सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकून गुण गमावणे) वाढले आणि 2010 च्या वसंतात दोघे वेगळे झाले. त्याचे दीर्घकाळचे प्रशिक्षक मारियन वाय्दा यांच्यासोबत ती हळूहळू सावरली व 2011 मध्ये त्याने तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या.

दुसरा बदल दुखापतीने लादला. उजव्या कोपराच्या दुखण्यामुळे 2017 च्या विम्बल्डननंतर तो उर्वरित हंगामात खेळलाच नाही आणि 2018 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये परतला तेव्हा रॅकेट मागे नेण्याची त्याची लांबलचक हालचाल आखूड झाली होती. कोपरावरचा ताण कमी करणे हा तिचा हेतू होता. तरीही पुढे शस्त्रक्रिया करावी लागलीच, म्हणजे शैली बदलून सगळे भागत नाही.

2019 मध्ये माजी विम्बल्डन विजेते गोरान इव्हानिसेविच प्रशिक्षक म्हणून चमूत आल्यावर सर्व्हिसवर आणखी काम झाले. वय वाढते तसे लांब रॅली (चेंडूची सलग देवाणघेवाण) टाळून झटपट गुण मिळवणे मोलाचे ठरते. म्हणूनच, निव्वळ वेगापेक्षा चेंडू नेमका कुठे पडतो, याला माझ्या मते अधिक महत्त्व द्यायला हवे.