प्रोग्रामिंगला जावा शिकू की जावास्क्रिप्ट? आधी एवढं बघ

सगळ्यात आधी, नावाला भुलू नकोस. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली. नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट. तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या जावा भाषेचा बोलबाला होता, म्हणून वर्षअखेरीस तिचं ‘जावास्क्रिप्ट’ झालं. नातं आडनावापुरतंच. (मीही वेबपेजवरचं एक बटण चालवायला जावाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं!)

वेबसाइट करायची असेल तर जावास्क्रिप्ट घे. कॉलेजला जावा असेल तर मुकाट्याने जावा.

फरक हाताने बघ. क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोल (कोड लिहून लगेच चालवायची जागा) उघड. अवतरणचिन्हांत ५ लिही (इंग्रजी अंक हं, मराठी नाही), त्यात ३ मिळव. उत्तर ५३! आता मिळवण्याऐवजी त्याच अवतरणातल्या ५ मधून ३ वजा कर, उत्तर २. अवतरणातला ५ म्हणजे मजकूर; वजाबाकीसाठी जावास्क्रिप्ट गुपचूप त्या मजकुराचा आकडा करते. जावात ही वजाबाकी कंपाइलच होत नाही, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधीच अडतो. नवख्याला ही कटकट वाटते, पण चूक तिथल्या तिथे कळते.

नेहमीच्या चुका:
- दोन्ही एकदम सुरू करणं. तीन महिने एकच धर.
- जावास्क्रिप्टमध्ये तुलनेला एकच बरोबरचं चिन्ह देणं. त्याने किंमत भरली जाते. तू तीन दे.
- जावात पब्लिक क्लासचं (कोडमध्ये ‘public class’ पुढे लिहितो ते) आणि फाइलचं नाव वेगळं ठेवणं. कॅपिटल अक्षरसुद्धा जुळायला हवं.

रिअ‍ॅक्ट, स्प्रिंग वगैरे या भाषांवरची तयार साधनं सध्या राहू दे. आधी पाढे छापणारा प्रोग्राम न बघता लिहून दाखव, मग पुढचं सांगतो.