संकल्पचित्राची तत्त्वं तोंडपाठ, पण चित्रात दिसत नाहीत. काय करावं?

मुलगी इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसतेय, तोल-लय-प्रमाण-विरोध-सुसंवाद घडाघडा म्हणून दाखवते, पण तिचं संकल्पचित्र (चौकोनात आकार रचून रंगवलेली नक्षी) नुसतं भरून काढल्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्यात नौपाड्याला संध्याकाळी ड्रॉइंगचे क्लास घेतो, त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांचा हात चांगला असतो. फक्त तत्त्वं हे पाढे नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी फक्त तोल घ्या. मुलांना वाटतं, डावीकडे जे काढलं तेच उजवीकडे काढलं की झाला तोल. तो एक प्रकार झाला, रांगोळीत शोभतो. पण गेल्या आठवड्यात एका मुलाने चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात भलंमोठं लाल जास्वंद काढलं आणि बाकीची जागा एकाच मापाच्या पानांनी भरली. सगळं चित्र डावीकडे कलंडलेलं. मी काळ्या क्राफ्ट पेपरचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कापून त्याला दिला आणि म्हटलं, हा फिरव. फुलाजवळ ठेवला, काही फरक नाही. सरकवत सरकवत खालच्या उजव्या कोपऱ्याशी नेला, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "सर, आता थांबलं." बागेतल्या सी-सॉसारखंच आहे हे. जाडा मुलगा मध्याजवळ बसला तर बारका टोकाला बसून त्याला उचलतो. गडद रंग, भडक रंग, दाट नक्षी यांना वजन जास्त. फिकी मोकळी जागा हलकी.

लयीसाठी वारली चित्र समोर ठेवा. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, तोवर वारली हा आपल्याच जिल्ह्याचा ठेवा होता. डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे (२०११ साली पद्मश्री) यांची चित्रं जरूर दाखवा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, बस्स. पण तारपा नाचात तेच त्रिकोण तारपेवाल्याभोवती (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) वळत जातात, प्रत्येकाचा कल शेजाऱ्यापेक्षा जरासा वेगळा, आणि डोळा त्या रांगेबरोबर फिरतो. तोच आकार सारख्या अंतरावर, सारख्याच कलाने छापत गेलं तर साडीचा काठ होईल, ती पुनरावृत्ती. विरोध, म्हणजे गडद-फिक्यातला ठळक फरक, तोही तिथेच शिकून घ्यावा: गेरूची जमीन, तांदळाच्या पिठाचा पांढरा, तिसरा रंग नाही.

प्राबल्य, म्हणजे नजर आधी कुठे जावी, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. माझी पहिली मोठी पाटी फरसाणच्या दुकानाची. मालक म्हणाले, नाव मोठं करा, चिवडा मोठा करा, शेव मोठी, 'होलसेल व रिटेल' पण मोठं. मीही नवखा, केलं. पाटी चढवली आणि रस्त्यापलीकडून बघितलं तर दुकानाचं नावसुद्धा वाचता येईना. उतरवली, आणि नाव सोडून सगळं निम्म्याने लहान करून पुन्हा रंगवली. रंग माझा, मजुरी माझी.

प्रमाणाचं फार टेन्शन घेऊ नका, आकार लहान-मध्यम-मोठे असे तीन मापांत ठेवले तरी पुष्कळ काम होतं. सुसंवादासाठी एक युक्ती: प्रत्येक रंगात एकाच रंगाचा थेंबभर मिसळायचा, म्हणजे सगळे एका घरातले वाटतात. पोस्टर कलरच्या डब्यातले बाराच्या बारा रंग वापरायचा मोह मात्र आवरायला लावा.

आणि पेन्सिलीचं काम झालं की रंगाला हात लावू देऊ नका. कागद उलटा, म्हणजे वरची कड खाली करून भिंतीला टेकवा, तिला दारात उभं करा, डोळे किलकिले करून बघायला सांगा. उलटं धरलं की फूल-पान दिसत नाही, नुसते जड-हलके डाग दिसतात. कुठे कलंडतंय ते ती स्वतःच सांगेल. खोडरबर तेव्हाच हातात द्या.