दुकानाला यूपीएस कुठला? आधी सॉकेटमधलं व्होल्टेज बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावी सेवा केंद्र, दोन डेस्कटॉप, आय-फाईव्हवाले, ग्राफिक कार्ड नाही. एक लेझर प्रिंटर, एक इंक टँकवाला, फायबरचं राऊटर, चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा. दिवसातून पाच-सहा वेळा लाईट येते-जाते, आठवड्यातून एक दिवस दोन-तीन तास गायब असते. आहेत त्या दोन यूपीएसच्या बॅटऱ्या वर्षात बसल्या, आणि आता दुकानदार म्हणतोय की २ केव्हीएचा, म्हणजे २००० व्हीए क्षमतेचा, ऑनलाईन प्रकारचा यूपीएस घेऊन टाका, डोक्याला ताप नको. शिवाय घरचा जुना इन्व्हर्टर आणून लावला तर चालेल का, हेही विचारलंय.

पण खरी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी जाताजाता लिहिलीय, की शेतातल्या मोटारी चालू झाल्या की दुकानातली ट्यूब मिणमिणते. माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे, बाकीचं नंतर.

मी इचलकरंजीत कॉम्प्युटर रिपेअरचं काम वीसेक वर्षं करतोय आणि त्यातला निम्मा वेळ लोकांच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्यात गेलाय. तेवढ्या अनुभवावर सांगतो, बॅटरी लाईट जाऊन फारशी मरत नाही, ती लाईट असताना मरते. कसं ते बघा. आपण जो नेहमीचा ६०० व्हीएचा डबा घेतो तो लाईन इंटरॲक्टिव्ह असतो, त्याच्यात एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन-तीन रिले (आपोआप पडणारे स्विच) असतात, व्होल्टेज खाली गेलं की रिले टक्कन पडतो आणि तो ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज वर उचलून देतो, बॅटरीला हात न लावता. पण याला एक मर्यादा असते. कुणाची १४०-१४५ व्होल्ट, कुणाची १६०-१६५. त्याच्या खाली गेलं की तो सरळ बॅटरीवर जातो, म्हणजे त्याच्या हिशोबाने लाईट गेली. आता तुमच्याकडे मोटारींच्या वेळेला व्होल्टेज त्या मर्यादेच्या आसपासच खालीवर होत असेल, तर लाईट एकदाही न जाता बॅटरी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा वापरली जाते, आणि एकदा उतरलेली बॅटरी परत पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात ते तिला कधी मिळतच नाहीत. अर्धवट भरलेली लेड ॲसिड बॅटरी तशीच राहिली की आत प्लेटवर सल्फेट धरतं आणि मग ती कायमची गेली. वर्षात गेल्या म्हणताय ना, मला तरी यात कंपनीचा दोष वाटत नाही.

म्हणून बॉक्सवर पुढे मोठ्या अक्षरात ६००, ११०० लिहिलेलं असतं ते सोडा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात इनपुट व्होल्टेज रेंज लिहिलेली असते ती वाचा. १४०च्या आसपास सुरू होणारा घ्या, १६५वाला तुमच्या उपयोगाचा नाही, पाचशे रुपये स्वस्त मिळाला तरी.

एक किस्सा सांगतो. इथल्याच एका लूमच्या शेडमध्ये मालकाचं छोटं ऑफिस, एक कॉम्प्युटर, अकाउंटचं काम. दोन वर्षांत तिसरी बॅटरी मागवली म्हणून मी स्वतः गेलो. यूपीएस उघडला तर बॅटरी फुगून इतकी घट्ट बसलेली की ओढून बाहेर येईना, शेवटी डब्याचं प्लास्टिक कापून काढली. नवी बसवली, तिथंच चहा घेत बसलो होतो तेवढ्यात मालकाने एसी लावला आणि यूपीएस टक. शेडमधल्या ट्यूबा लावल्या, परत टक. मल्टीमीटर लावला तर एसी चालू असताना १७०, आणि एसी बंद करून शेडमधल्या ट्यूबा चालू केल्या की २५५. हे बघितल्यावर बॅटरीचा विषय संपला, थ्री फेज कनेक्शनमध्ये न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची वायर, ढिला झाला की असं होतं, एका फेजवर लोड टाकला की त्याचं पडतं आणि दुसऱ्याचं चढतं. वायरमन बोलावला, मेन बंद करून बोर्ड उघडला तर न्यूट्रल लिंकचा स्क्रू हाताने फिरत होता, ॲल्युमिनियमच्या वायरचं टोक काळं पडलेलं आणि इन्सुलेशन वितळून आंबूस वास. टोक कापून नवीन लग मारून घट्ट केलं, खर्च काय तर काहीशे रुपये. ती बॅटरी जवळजवळ तीन वर्षं चालली. न्यूट्रल पूर्ण सुटला असता तर सिंगल फेजवर चारशेच्या जवळ व्होल्टेज आलं असतं आणि एसीसकट सगळं जळालं असतं, ते वेगळंच.

त्यामुळे खरेदीला जायच्या आधी एक साधा मल्टीमीटर घ्या किंवा वायरमनला बोलवा आणि तीन वेळा मोजा. सकाळी दुकान उघडल्यावर, मोटारी चालू असताना, आणि संध्याकाळी सातला. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट आलं तर ठीक, पंधरा-वीस आलं तर अर्थिंग नाहीतर न्यूट्रल, दोन्हीपैकी काहीतरी गडबड आहे आणि त्यावर लाखाचा यूपीएस लावला तरी उपयोग नाही. भाड्याच्या गाळ्यात बऱ्याचदा तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात थोडा करंट येतोच हो. येत नसतो. अर्थिंग करून घ्या, खड्डा मीठ कोळसा जे काय असेल ते, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा.

आता लोड. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साध्या यूपीएसला बहुतेक ३६०च वॉट असतात, ११००ला ६६०, मागे लिहिलेलं असतं. तुमच्यासारखा एक डेस्कटॉप ऑफिसच्या कामाला ६०-८० वॉट खातो, बावीस इंची मॉनिटर २०-२५. म्हणजे एका सेटला धरून चाला १०० वॉट. ३६०मध्ये १०० आरामात बसतात, दुकानदाराचा २ केव्हीए कशासाठी ते मला कळलं नाही, म्हणजे कळलं, पण असो.

मग प्रश्न येतो किती वेळ चालेल. ६००च्या आत एकच बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास). गुणाकार केला तर ८४ वॉट-तास, आणि इथंच सगळे फसतात. हे ८४ तुम्ही वीस तासांत हळूहळू काढलेत तर मिळतात. अर्ध्या तासात ओढायला गेलात तर साधारण निम्मे, त्यातले वीस टक्के यूपीएसच्या आतल्या इन्व्हर्टरच्या सर्किटमध्ये उष्णता होऊन जातात. हातात येतात तेहतीस-पस्तीस. १०० वॉटला म्हणजे वीस मिनिटं, तीही नव्या बॅटरीला, दीड वर्षाने दहा. त्यामुळे यूपीएसकडून दोन-तीन तासांची अपेक्षा करूच नका. अर्ज भरताना मधेच ओटीपी आलाय आणि लाईट गेली, तेवढं सबमिट करून पावती काढता आली पाहिजे, त्याचं काम तेवढंच. ११०० घेतला तर आत बहुतेक दोन बॅटऱ्या असतात, वेळ दुपटीहून थोडा जास्त मिळतो.

तुम्ही एक मोठा घेऊन दोन्ही कॉम्प्युटर त्याच्यावर टाकणार असाल तर मी नको म्हणेन. दोन वेगळे ६०० घ्या. एक बसला तर एक काउंटर तरी चालू राहतं, समोर दाखल्याच्या शेवटच्या तारखेची रांग उभी असते तेव्हा हे समजतं.

ऑनलाईनबद्दल. तो वाईट नाही, उलट सगळ्यात चांगला तोच, चोवीस तास लाईनच्या एसी करंटचं डीसी (बॅटरीसारखा करंट) आणि डीसीचं परत एसी करून देतो, लाईट जाण्या-येण्यात एक क्षणही खंड पडत नाही, जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलत असेल तरी चालवून घेतो. पॅथॉलॉजी लॅबचं मशीन, सर्व्हर असल्या ठिकाणी मी दुसरं काही लावू देत नाही. पण तो सतत चालू, पंखा सतत फिरतो, काही काम नसतानाही पन्नास-साठ वॉट खातो, आणि आत एक नाही तर तीन-चार किंवा जास्त बॅटऱ्यांची माळ, ती एकत्रच बदलायची. दोन डेस्कटॉपच्या दुकानाला हे म्हणजे लग्नाचं पातेलं घेऊन दोघांचा चहा ठेवण्यासारखं आहे.

दोन-तीन तासांचं काम इन्व्हर्टरचं. घरचा जुना आणताय तर आधी बघा तो साईन वेव्ह (लाईटसारखीच गोलसर लहर देणारा) आहे की स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर देणारा). त्यावर पंखा लावल्यावर घूंऽऽ आवाज येत असेल तर स्क्वेअर समजा, आणि तो इथे नको, कारण बरेच यूपीएस स्क्वेअर वेव्हला लाईट मानतच नाहीत, इन्व्हर्टर चालू असतो आणि यूपीएस आपला त्याच्या बॅटरीवर बीप बीप करत बसतो. साईन वेव्ह असेल तर झकास, दुकानाची लाईन इन्व्हर्टरवर, आणि कॉम्प्युटरच्या अलीकडे ते छोटे ६००चे. इन्व्हर्टर चालू व्हायला जो निमिषभर वेळ लागतो तेवढा यूपीएस भरून काढतो, बाकी तीन तास इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी ओढते. इन्व्हर्टरच्या मागे एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल. यूपीएस मोडमध्ये तो १८०च्या खाली लगेच बॅटरीवर जातो, म्हणजे तुमच्याकडे मोटारींच्या वेळात दिवसभर बॅटरीवरच. नॉर्मलवर ठेवा, तो कमी व्होल्टेज तसंच पुढे जाऊ देईल आणि उचलायचं काम ६००चे यूपीएस करतील. आणि दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरीत पाणी बघा, डिस्टिल्ड वॉटर, फिल्टरचं नाही.

मोजमापात व्होल्टेज १४०च्याही खाली आलं तर मात्र यातलं काहीच पुरेसं नाही, आधी लाईनला चांगला स्टॅबिलायझर लागेल.

लेझर प्रिंटर कुठल्याही परिस्थितीत यूपीएसवर नको. त्याचा फ्यूजर, म्हणजे छपाई कागदावर पक्की करणारा गरम भाग, तापताना पाचशे ते हजार वॉट ओढतो, पहिल्याच पानाला यूपीएस ओव्हरलोड होऊन कॉम्प्युटरसकट बंद. तो सरळ भिंतीच्या सॉकेटवर, इन्व्हर्टरच्या लाईनवरही नको. इंक टँकवाला चालतो, तो फार तर वीस वॉट घेतो, लाईट गेल्यावर पावत्या त्याच्यावर काढायच्या.

राऊटरला वेगळा मिनी यूपीएस घ्या, १२ व्होल्ट डीसीवाला, तळहातावर मावतो. फायबरच्या डब्याच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर आहे ते बघा, बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअर असतं पण काही ९ व्होल्टचेही आहेत, चुकीचा लावू नका. आतमध्ये लिथियमचे सेल असतात, तीन-चार तास आरामात जातात. फक्त गल्लीत केबलवाल्याचा डबा खांबावर लाईटवर चालत असेल तर तुमचं राऊटर चालू राहूनही नेट नसेल, ते त्याला विचारून घ्या. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा सप्लाय वेगवेगळा असतो, नुसता डीव्हीआर बॅकअपवर टाकून काळ्या पडद्याचं रेकॉर्डिंग करणारे मी बघितलेत. ते दोन्ही इन्व्हर्टरवर.

बॅटरी बदलताना एक-दोन गोष्टी. वर छापलेली तारीख बघा, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नवी बॅटरी नवी नसते. पत्तीचे टर्मिनल दोन मापांत येतात, साधारण पावणेपाच आणि सव्वासहा मिलिमीटर, जुनी बरोबर घेऊन जा नाहीतर वायर बसणार नाही आणि पक्कडीने दाबून बसवाल, मग तिथंच गरम होणार. उघडायच्या आधी प्लग काढा. लेड ॲसिडच्या जागी लिथियम टाकून द्या असं कोणी सांगितलं तर टाकू नका, चार्जर त्याच्यासाठी बनवलेला नसतो. जुनी भंगारवाल्याला न देता बॅटरीच्या दुकानातच परत द्या, किंमतीत काहीतरी वळते होतात. आणि यूपीएस पत्र्याला लागून वरच्या फळीवर ठेवला असेल तर खाली आणा, या बॅटऱ्यांचं आयुष्य पंचवीस डिग्रीला धरलेलं असतं आणि वर साधारण दर दहा डिग्रीला ते निम्मं होतं, एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

नवा आणला की पहिले आठ तास नुसता चार्जिंगला ठेवा. मग जुना शंभरचा पिवळा बल्ब त्याच्यावर लावा, भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग उपसू नका कारण त्याने अर्थही सुटतो, आणि बल्ब विझेपर्यंत घड्याळ लावा. आलेली मिनिटं आणि तारीख मार्करने डब्यावर लिहा. सहा महिन्यांनी परत हेच करा, निम्म्यावर आली की नवी बॅटरी आणायची, अर्ज भरताना दगा द्यायची वाट बघायची नाही.

व्होल्टेजचे तीन वेळचे आकडे आले की इथे टाका, तोपर्यंत काही विकत घेऊ नका.