विकेंद्रित की विकेंद्रीकृत?

फोंड्याच्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलं आहे: सोशल मीडियाच्या भवितव्यावर व्याख्यान ठेवलंय, पत्रिकेत मॅस्टोडॉनसारख्या (ट्विटरसारखं, पण एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं समाजमाध्यम) जाळ्यांना 'विकेंद्रित' म्हणावं की 'विकेंद्रीकृत'? आणि 'फेडरेटेड'ला, म्हणजे स्वतंत्र राहूनही एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याला, काय म्हणावं?

रूपं दोन्ही शुद्ध, पण अर्थ सारखा नाही. 'ईकृत' आलं की आधी तसं नव्हतं, मग तसं केलं, हे ओघानं आलंच. संस्कृत वैयाकरण याला च्वि प्रत्यय म्हणतात. 'राष्ट्रीयीकृत बँक' म्हणजे मुळात खाजगी असलेली. १९६९ साली १४ बँकांचं तेच झालं. 'विकेंद्रित' शब्दाला असा पूर्वेतिहास चिकटलेला नाही.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झालं तेच मुळी अनेक स्वतंत्र सर्व्हरांचं जाळं म्हणून. तिथला पत्ता पाहा: 'ॲट'चं चिन्ह दोनदा येतं, एकदा माणसाच्या नावाआधी, एकदा सर्व्हरच्या. तेव्हा ते 'विकेंद्रित'. थ्रेड्स या ॲपचं तसं नाही. फेसबुकवाल्या मेटानं ते २०२३ मध्ये आपल्या मुठीत ठेवूनच काढलं, आणि मागाहून ॲक्टिव्हिटीपब या खुल्या प्रोटोकॉलशी (मॅस्टोडॉनसारखी जाळी ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्याच्याशी) थोडंफार जोडून घेतलं. तिथे 'विकेंद्रीकरण चाललंय' म्हणा हवं तर. 'विकेंद्रीकृत' म्हणायची घाई मी करणार नाही.

'फेडरेटेड' जास्त अवघड. 'संघीय' म्हटलं की दिल्ली आठवते, आणि आपल्या घटनेत केंद्र चांगलंच बळकट; इथे तर केंद्रच नाही. (नुसतं 'संघ' छापलंत तर भलतेच श्रोते यायचे.) गोव्यात 'गावकारी' (गावच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था) सुचवायचा मोह होतो. मूळ पद्धतीत जमिनीचा, खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधांचा कारभार ज्या त्या गावाचा होता. पण गावकारपण वंशानं येतं. मॅस्टोडॉनवर मात्र न पटलं तर खातं दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. अनुयायी बरोबर येतात, जुन्या पोस्टी तेवढ्या मागे राहतात. शिवाय वक्ते महाराष्ट्रातले असतील तर त्यांचा 'गावकरी' म्हणजे गावात राहणारा कोणीही!

'संलग्न'ही नको. त्यानं गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेज डोळ्यांपुढे येतं, म्हणजे वर पुन्हा कोणीतरी आलंच. 'परस्परसंलग्न' त्यातल्या त्यात बरा, जरा लांबलचक असला तरी.

पत्रिकेत ठळक अक्षरांत 'विकेंद्रित समाजमाध्यमं' छापा. जागा कमी पडली तर खाली 'फेडिव्हर्स' (अशा जोडलेल्या जाळ्यांचं एकत्रित इंग्रजी नाव) तसंच राहू द्या, वक्ते दोन मिनिटांत समजावतील.