करवंदाची जिन: मुरवणे हीदेखील निर्मितीच

दोडामार्ग तालुक्यातील एका वाचकाने बांधावरची करवंदे आणि साखर गोव्यातून आणलेल्या जिनमध्ये तीन महिने मुरवली आणि इंग्लंडमधील स्लो जिनच्या (स्लो या रानफळाच्या मुरवलेल्या जिनच्या) धर्तीचे हे पेय गेल्या हंगामात ओळखीच्यांना विकले. भट्टी लावलेली नाही, जिनवरचा कर भरलेला आहे, लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणीही आहे, मग वेगळा परवाना कशासाठी, असे ते विचारतात. जांभूळ, कोकम, काजूबोंड अशी फळे बदलून हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो.

परवाना लागतो, आणि त्याचे कारण एका व्याख्येत आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील ‘निर्मिती’ या शब्दात केवळ गाळणे येत नाही. मद्य ज्या कोणत्या नैसर्गिक किंवा कृत्रिम प्रक्रियेने उत्पन्न होते, तयार केले जाते किंवा मिसळले जाते, ती प्रत्येक प्रक्रिया त्यात येते. तुमच्या बरणीत करवंदाचा रस आणि साखर जिनमध्ये उतरून नवे पेय तयार झाले, हे तुम्ही स्वतःच पत्रात अभिमानाने लिहिले आहे. कलम १२ अशी निर्मिती परवान्याशिवाय करू देत नाही, आणि कलम ६५ निर्मितीसोबत बाटल्या भरणे व विकणे यांनाही शिक्षापात्र ठरवते. इंग्लंडमध्ये कुंपणावरच्या काटेरी झुडपांची फळे घरोघरी जिनमध्ये मुरवतात हे खरे, पण तिथला रिवाज इथे बचाव म्हणून चालत नाही.

‘कर भरलेला आहे’ हा मुद्दा तर तुमच्या विरोधातच जातो. कर भरला तो गोव्याला. महाराष्ट्राच्या कायद्यात राज्याबाहेरून मद्य आणणे म्हणजे आयात, आणि तिलाही परवानगी लागते. दुकानाची जी पक्की बिले तुम्ही जपून फाइलला लावलीत, तीच त्या आयातीचा पुरावा आहेत. त्यावर कडी म्हणजे व्हॉट्सॲपवर छायाचित्रासह टाकलेले दरपत्रक! वकिलाला विचारण्याची वेळ पहिली बरणी भरण्यापूर्वीची होती, विक्री संपल्यानंतरची नव्हे.

आता विक्री आजच थांबवा आणि नवी बरणी भरू नका. उरलेला माल घाईने ओतून टाकू नका, संदेशही पुसू नका, कारण पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा लागू शकतो. सर्व कागदपत्रे घेऊन फौजदारी काम करणाऱ्या स्थानिक वकिलाला प्रत्यक्ष भेटा. राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करीलच असे नाही, पण करणार नाही असे गृहीत धरू नका.

पुढे हाच व्यवसाय करायचा असेल, तर निर्मितीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागेल. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्ये स्पष्ट केले असल्यामुळे छोट्या शेतकऱ्याला सवलत मिळावी हा युक्तिवाद फार चालत नाही, आणि उद्यम नोंदणीने परवान्याची उणीव भरून निघत नाही. बिगरशेती वापर, अन्नसुरक्षा परवाना, लेबलावरील वैधानिक इशारा हे प्रश्न त्यानंतरचे. सातबारा आणि प्रादेशिक आराखडा पाहिल्याशिवाय त्यांवर मत देणे मला योग्य वाटत नाही.

तुमच्या दोन एकर जमिनीच्या मानाने मला दुसरा मार्ग बरा वाटतो. करवंदाचा गर किंवा रस मद्याविना तयार करून तो परवानाधारक उत्पादकाला विकावा आणि पेय त्याने त्याच्या जागेत, त्याच्या परवान्यावर बनवावे. उत्पादक गोव्यातला असेल, तर तिथला उत्पादन शुल्क कायदा वेगळा आहे आणि तयार बाटल्या महाराष्ट्रात पुन्हा रीतसर आयात होऊनच विकता येतील. करारात किलोचा दर, आगाऊ रक्कम आणि पेयाच्या नावाची मालकी या तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. नावासाठी व्यापारचिन्ह नोंदणीचा अर्ज वर्ग ३३ मध्ये स्वतःच्या नावाने आधी करा आणि बोलणी त्यानंतर सुरू करा.