माकडं एवढी दिसतात, मग कमी कशी?

प्रश्न : गच्चीवर, स्टेशनवर, घाटाच्या वळणांवर सगळीकडे माकडं दिसतात. तरी माकडांच्या काही जाती नामशेष व्हायला आल्या आहेत असं वाचलं. हे कसं? आणि आपण त्यांना खायला घातलं तर ती वाचतील का?
– इयत्ता नववीतली एक वाचक

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि तमिळनाडूतल्या आनमलाईच्या डोंगरातली एक सकाळ आठवली. वालपराईजवळ चहामळ्यांच्या मधोमध जंगलाचे तुकडे उरले आहेत, त्यातल्या एकाच्या काठावर मी उभा होतो. सिंहपुच्छ माकडांचा कळप फांद्याफांद्यांवरून आला आणि रस्त्याशी थबकला. पुढचं झाड रस्त्यापलीकडे होतं. एक मादी पोटाशी पिल्लू धरून खाली उतरायची, गाडीचा आवाज आला की पुन्हा वर चढायची. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ती पलीकडे पोचली, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तू पाहतेस ती बहुतेक लाल तोंडाची माकडं. ती मिळेल ते खातात, कौलांवर झोपतात, माणसांत राहायला शिकली आहेत. ‘माकड’ हा एक शब्द असला तरी त्यामागे शेकडो जाती आहेत, आणि प्रत्येकीचं जगणं निराळं. सिंहपुच्छ माकड काळं, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. जगात ते फक्त कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या पश्चिम घाटात आढळतं, आणि तिथेही मुख्यतः सदाहरित रानात. रानात आता चार हजारांहून कमी उरली आहेत. कलेनिया नावाच्या झाडाची फुलं आणि बिया हा त्यांचा मोठा आधार. ते झाड गेलं की वर्षातले कित्येक महिने उपासमारीचे. 1970च्या दशकात केरळच्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत धरण होणार होतं, तेव्हा याच माकडासाठी लोक उभे राहिले. 1983 मध्ये प्रकल्प मागे घेतला गेला, पुढच्या वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झालं. जंगल अखंड राहिलं म्हणून तिथली माकडं राहिली.

आता दुसरी अडचण, जी सहसा कुणी सांगत नाही. सिंहपुच्छ मादीला पहिलं पिल्लू साधारण साडेसहा वर्षांची झाल्यावर होतं, आणि दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचं अंतर असतं. म्हणजे रस्त्यावर एक मादी गेली, तर तिची जागा भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब तूच कर. उंदरांना जमतं ते माकडांना जमत नाही.

शिकार आणि व्यापाराचंही तेच. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या जंगलातलं ‘मिस वॉल्ड्रन्स रेड कोलोबस’ हे माकड मांसासाठी इतकं मारलं गेलं की 1978 नंतर ते जिवंत पाहिल्याची खात्रीशीर नोंद नाही. कोलंबियातल्या पांढऱ्या तुऱ्याच्या टॅमरिन या छोट्या माकडांची मोठी संख्या 1960-70च्या दशकांत वैद्यकीय प्रयोगांसाठी परदेशी गेली. 1974 मध्ये कोलंबियाने निर्यात बंद केली, पण तोवर रानातली टॅमरिन विरळ झाली होती. आणि नुसती दिसतात म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आग्नेय आशियातलं लांब शेपटीचं माकड देवळांत, शहरांत, किनाऱ्यांवर दिसतं. 2022 मध्ये त्याचीही नोंद ‘संकटग्रस्त’ यादीत झाली.

मन लावून काम केलं तर उलटंही घडतं. ब्राझीलचं सोनेरी सिंह टॅमरिन 1970च्या सुमारास दोनेकशेच उरलं होतं. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेली टॅमरिन 1984 पासून रानात सोडली गेली, तुटलेली जंगलं झाडं लावून जोडली गेली. मध्ये पीतज्वराच्या साथीने पुष्कळ मेली, तेव्हा त्यांना लसही टोचली. आज ती साडेचार हजारांच्या वर आहेत.

आता तुझा शेवटचा प्रश्न. नाही, खायला घालू नकोस. माया म्हणून तू विचारलंस हे मला कळतं. पण वालपराईत रस्त्यावर आडवे हवाई पूल टांगले आहेत, माकडं त्यांवरून बिनघोर पलीकडे जातात. खाली गाडीतून कुणी खाऊ टाकला की तीच माकडं पूल सोडून डांबरावर उतरतात.