सर्व्हिसिंग वेळेवर होत असेल, तर गाडीबद्दल स्वतः काही शिकायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की गाडी घेऊन दोन वर्षं झाली, दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग होतं, बोनेट स्वतः एकदाही उघडलेलं नाही आणि आजवर काही अडलंही नाही. मग हे सगळं शिकून करायचं काय?

माझं गॅरेज पुणे-बंगळूर हायवेवर खंडाळ्याला आहे. लोणावळ्याजवळचा खंडाळा नव्हे, सातारा जिल्ह्यातला. पुण्याकडून आलं की इथून पुढे खंबाटकीचा चढ लागतो. बावीस वर्षं मी हा चढ न झेपलेल्या गाड्या बघतोय, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या तुमच्यासारख्याच वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेल्या असतात.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवार, सुट्ट्यांची गर्दी, घाटात गाडीला गाडी लागलेली. कोल्हापूरला देवीला निघालेलं कुटुंब टोईंग करून माझ्याकडे आलं. गाडी साडेतीन वर्षांची, आतून-बाहेरून चकचकीत. वहिनी मागे बसल्या होत्या, त्यांनी मीटरवर लाल दिवा पाहून सांगितलंसुद्धा होतं. दादा म्हणाले, घाट संपला की बघू. एसी चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, तशीच त्यांनी आणखी दोन-तीन किलोमीटर रेटली. मी ऑइलची पट्टी बाहेर काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे त्यात कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळलं होतं. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरचं झाकण (हेड) यांमधलं सील, गेलं होतं, हेडही वाकलं होतं. खराबी किती होती म्हणाल, तर रेडिएटरच्या पाइपाची एक क्लिप सैल झाली होती. तिथून थेंब थेंब कूलंट गळत होतं, किती दिवसांपासून कोण जाणे. दादा सारखं एकच म्हणत होते, "पण गाडी चालत तर होती!"

तेच तर सांगायचंय. गाडी चालते आहे म्हणजे ठीक आहे, असं समजू नका. मी तुम्हाला क्लिप बसवायला शिका म्हणत नाही, ते माझं काम आहे. पण गाडी बाजूला घेऊन इंजिन कधी बंद करायचं, हे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाशिवाय दुसरं कोणी ठरवू शकत नाही. तिथे मेकॅनिक नसतो. त्या दिवशी लाल दिव्याला गाडी उभी केली असती, तर काम पन्नास-शंभर रुपयांची क्लिप आणि एक कूलंटचा डबा एवढंच होतं. झालं त्याचा खर्च वीस हजारांच्या पुढे गेला, आणि म्हातारी आई चार तास माझ्या बाकावर बसून राहिली. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून आधी दिवे ओळखा. लाल लागला की थांबा, पिवळा लागला की लवकर दाखवा. पाण्यातल्या थर्मामीटरसारखी खूण लाल झाली तर इंजिन तापलंय. गाडी नुकती चालू केल्यावर हीच खूण काही गाड्यांत निळी दिसते, ती फक्त इंजिन अजून थंड असल्याची, तिला घाबरू नका. तेलाच्या चोचीच्या डब्यासारखी खूण लाल झाली तर ऑइलचा दाब गेलाय. तिथे मात्र एक किलोमीटरसुद्धा चालवू नका.

इंजिन तापलं तर पहिल्यांदा एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. मग अर्धा-पाऊण तास खरंच थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. दर उन्हाळ्यात माझ्याकडे दोन-तीन भाजलेले हात येतात, आणि त्यातला एकही मेकॅनिकचा नसतो. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

घाटातला दुसरा त्रास म्हणजे क्लच. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरतात आणि करपल्यासारखा वास आला की पुढच्या ट्रकला नावं ठेवतात. तो वास तुमच्याच क्लच प्लेटचा असतो. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय मोकळा करा.

उतरताना उलटं होतं. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला आलेल्या गाड्यांच्या चाकांतून धूर निघताना मी पाहिलाय. सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलेले असतात, काही जण पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये. आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि ब्रेक तापून पॅडल खाली जायला लागतं. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ते आजही खरं आहे, ऑटोमॅटिकलाही खालचा गिअर असतोच.

टायरचं थोडक्यात. हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरच्या मुलाला विचारू नका, त्याला सांगा, आणि तेही टायर थंड असताना. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचाच. आणि डिकी उघडून स्टेपनी आहे का तेही बघा. २०२० पासून काही अटींवर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे, मग त्याऐवजी पंक्चरचं किट मिळतं. बऱ्याच जणांना हे पंक्चर झाल्यावर, रात्री, रस्त्यात कळतं.

यात तुमचा दोष आहे असं मी मानत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला रिव्हर्स आणि आठचा आकडा शिकवतात, बोनेट उघडायची दांडी कुठे आहे हे दाखवत नाहीत. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीने ब्रिटनमध्ये लायसन्स काढलं. तिथे टेस्टमध्ये परीक्षक गाडीच्या काळजीबद्दलही तोंडी विचारतो, जसं टायरची हवा किती हवी ते कुठे बघाल, ब्रेक नीट आहेत हे कसं तपासाल. इकडे आल्यावर तिने वडिलांच्या गाडीचे टायर बघितले आणि दोन बदलायला लावले.

उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी पाच मिनिटं काढा. बोनेट उघडून कूलंटची पांढरट बाटली शोधा, तिच्यावर दोन रेघा असतात. पातळी त्यांच्यामध्ये असली तर झाकण उघडायचीही गरज नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी तसाच, इंजिन थंड असताना, पुन्हा काढा. पातळी उतरली असेल तर नुसतं पाणी भरून मोकळे होऊ नका, गाडी जवळच्या गॅरेजला न्या आणि दोन्ही फोटो दाखवा.